तिसऱ्या रंगाची लोकर

सन १९५१, संक्रांत उलटून गेल्यावरचा पहिला शनिवार, सकाळची शाळा. हजर: सातवीचे मुलगे नऊ, मुली तीन, हेडमास्तर (ओसरीवर, खुर्ची टाकून) आणि मी. गैरहजर: दोन मुलगे, ज्वारीवरची पाखरं राखायला, एक मुलगी, ताप. सामान: चिमटे, पळ्या, एक दाभण, मूठ मूठ तूर, करडई आणि चिंचोके, चुना, लोकरीचे पुंजके दोनशे, निम्मे काळे, निम्मे पांढरे.

शाळा झरीच्या वाटेवरच्या एका गावात होती. दोन-अडीच वर्षांपूर्वीपर्यंत तिथे सगळं उर्दूतून चाले. आता मराठीतून सुरू झालं होतं, पण पुस्तकं यायची होती. शास्त्राच्या पाठांची नुसती नावं एका कागदावर आली होती आणि त्यात सर्वांत खाली होतं, 'नैसर्गिक निवड'. मी ते फळ्यावर लिहिलं. मुलांनी वहीत उतरवून घेतलं आणि माझ्याकडे अशी बघत बसली, जणू मी एखाद्या परक्या गावाचं नाव लिहिलं आहे आणि आता तिथे चालत जायचं आहे.

पुस्तक नाही, चित्र नाही, म्हणून मी खेळ बसवले. खेळाला जागा लागते, वस्तू लागतात, नियम लागतात आणि मोजणी लागते. एवढं मला कुठेही जमवता येतं.

पहिला खेळ ओसरीवर झाला. प्रत्येक जण एक पक्षी. कुणाला चोच म्हणून चिमटा, कुणाला पळी, एकाला दाभण. मधोमध धान्य. करडई चिमट्याला सापडेना, चिंचोके दाभणाला टोचेनात. दाभणवाला पोरगा शेवटी उपाशी राहिला आणि म्हणाला, "बाई, मी मेलो का?"

"मेलास. बाजूला बस."

"मंग घरी जाऊ?"

"मेलेल्यांनी मोजणी करायची," मी सांगितलं. सगळे हसले. हेडमास्तरही हसले, पण म्हणाले, "बाईसाहेब, इन्स्पेक्टर आले तर आधी चिमटे लपवा. त्यांना वाटेल इथे स्वैपाक चालतो."

दुसरा खेळ रानात होता. शाळेच्या मागे काळ्या मातीचं पडीक रान होतं. गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्याचं, ज्यांना सगळे मालक म्हणत. त्यांनी आदल्या वर्षी ते शाळेला खेळायला दिलं होतं. चांगली जमीन, पण नांगर लागलेला नव्हता. का, असं मी एकदा विचारलं होतं, तेव्हा उत्तर मिळालं होतं, "पडीकच हाय ते." त्या रानाच्या मी चुन्याच्या रेघा मारून पाच पट्ट्या केल्या. पहिली शाळेला लागून, पाचवी पार टोकाला, जिथे एक ढासळलेली जुनी विहीर बाभळीच्या काट्यांनी झाकलेली होती. दर शनिवारी एक पट्टी, असं ठरवलं.

खेळ असा. लोकरीचा पुंजका म्हणजे मेंढरू, मुलं म्हणजे लांडगे. लांडग्यांनी रानाकडे पाठ करून उभं राहायचं. मी पुंजके विखरायचे. टाळी वाजली की वळायचं, जो पहिला दिसेल तो उचलायचा, पिशवीत टाकायचा आणि पुन्हा पाठ करायची. निम्मा कळप संपला की थांबायचं. उरलेल्या प्रत्येक मेंढराला त्याच रंगाचं एक कोकरू. मग पुन्हा टाळी.

लोकर एका मुलीने आणली होती. धनगराची मुलगी, वर्गात सर्वांत उंच. तिची आई गावकुसाबाहेर भावाच्या घरी राही आणि घोंगड्यांसाठी लोकर कातून देई. ही मंडळी मूळची वालूरकडची. बाप निजामाचं राज्य गेलं त्या गडबडीच्या साली कळप घेऊन निघाला होता, झरीच्या बाजूला कुणाच्या तरी रानात खतासाठी मेंढरं बसवायची म्हणून, आणि परतला नव्हता. माणूसही नाही, कळपही नाही. गाव म्हणे, इकडे तो आलाच नाही. तरी बाई इथेच येऊन राहिली, कारण त्याने सांगितलेली शेवटची दिशा हीच होती. कपाळाला कुंकू आणि हातात हिरवा चुडा कायम.

पहिल्या पट्टीवर जे व्हायचं तेच झालं. काळ्या मातीवर पांढरे पुंजके पटापट गेले. दोन पिढ्यांत कळप जवळपास काळा झाला. "जे दिसत नाही तेच राहतं," मी म्हटलं आणि विचारलं, "मेंढरांनी काय केलं? रंग बदलला?"

ती उंच मुलगी म्हणाली, "मेंढरू कुठं रंग बदलतं, बाई? मेंढरू हाय तसंच ऱ्हातं. कळप बदलतो."

याहून चांगलं वाक्य मला पुढे छापील पुस्तकातही सापडलं नाही.

तिसऱ्या पिढीला पोरांचे डोळे चांगलेच तयार झाले होते. काळ्यावरचं काळंही त्यांना दिसायला लागलं होतं. टाळी वाजली, सगळे वळले, आणि एक जण ओरडला, "बाई, ह्ये कोणतं?"

त्याच्या हातात एक पुंजका होता, अंगठ्याच्या नखाएवढा. काळा नाही, पांढरा नाही. गडद तांबूस, वाळलेल्या रक्तापेक्षा थोडा काळा, आणि बोटांनी दाबला तर ताठ.

"बाई, तिसरी जात निघाली!"

"कशी निघंल?"

"काळीला आन् पांढऱ्याला मिळून झाली आसंल."

"मंग राखी व्हायला पायजे व्हती, येड्या. ही तांबडी हाय."

"आजीवर गेली आसंल."

मला वाटलं, कुणीतरी चावटपणा करतंय. सगळ्यांचे खिसे उलटे करायला लावले. गोट्या, गुळाचा खडा, एक जिवंत सरडा. तांबडी लोकर कुणाकडेच नव्हती. तोवर आणखी तीन पुंजके सापडले होते, आणि मोजणीत मला दोनच मिळाले. बाकीचे दोन त्या उंच मुलीच्या मुठीत होते. ती मूठ नाकाशी धरून उभी होती. मी मागितले तेव्हा तिने दिले नाहीत, आणि का कोण जाणे, मी पुन्हा मागितले नाहीत.

माझं डोकं साधं आहे. जास्तीचं काही निघालं तर ते आधीपासून होतं का, हे बघायचं. म्हणून पुढच्या शनिवारी दुसऱ्या पट्टीवर मी काहीच विखरलं नाही. मुलांना सांगितलं नाही. त्यांनी पाठ केली, मी रिकाम्या हातांनी मातीवरून फिरले, पुंजके टाकल्यासारखी वाकले, परत आले आणि टाळी वाजवली.

लांडगे वळले. रिकाम्या रानात धावले. एकेक जण वाकून काहीतरी उचलत होता.

ऊन चांगलं वर आलेलं होतं, ओसरीवर तिसरीची मुलं पाढे म्हणत होती, आणि मी पिशवीचं तोंड उघडलं. पिशवी रिकामी परत यायला हवी होती, आणि ती आली नाही. तळाशी तांबड्या पुंजक्यांचा एक थर होता. एक पोरगा खुशीत म्हणाला, "बाई, आज तुमी नुसती तिसरीच टाकली की! वळखू येत न्हाई मातीत. लय हुशार मेंढरं हायत."

मी सांगितलं की मी आज काहीच टाकलेलं नाही. सगळे एकमेकांच्या पायांखाली बघायला लागले.

सोमवारी मधल्या सुट्टीत मुलीची आई शाळेत आली. डोक्यावरचा पदर दातांत धरलेला, हातात ते दोन पुंजके. मी तिला बाकावर बस म्हटलं, ती खाली बसली.

"बाई, ही लोकर आमची हाय."

"तुमचीच ना. तुमच्याच मुलीने आणली होती."

"ती न्हाई. ही. ही त्येंच्या कळपाची हाय." नवऱ्याचं नाव ती घेत नसे. "समदे धनगर मेंढराच्या पाठीवर निस्त्या कावंचा, तांबड्या मातीचा, ठिपका घालत्यात, वळखायला. पाऊस आला की ग्येला. आमचे हे त्यात डांबर घालायचे. पूर्ण्याला ह्येंचा मावसभाऊ रेल्वेच्या रुळावर कामाला हाय, त्यो द्यायचा डबाभर. दुसरा कुणीच घालत न्हाई. हुंगून बगा."

मी हुंगलं. मंद, जुना, आगगाडीच्या स्टेशनावर येतो तो वास.

त्या दिवशी मला उलगडा झाला आणि मी तो वर्गात सांगितलाही, कारण पाठ पाठच असतो. कळपाची लोकर मातीत पडली, दोन पावसाळे गेले. साधी लोकर मातीने खाल्ली, कुजवली. डांबराची तेवढी खाता आली नाही म्हणून राहिली. कुणी ठरवून राखली नाही.

"म्हंजे माती बी लांडगाच झाली," मागच्या बाकावरून आवाज आला.

"हो," मी म्हटलं.

आता त्या बाईचं काय पणाला लागलं होतं, ते सांगते, कारण तिने ते मला त्याच बैठकीत सांगितलं. तिचा भाऊ तिचा पाट, म्हणजे दुसरं लग्न, लावून द्यायच्या मागे होता. माणूस बघून ठेवला होता. पंचांचं म्हणणं एवढंच होतं की पहिला नवरा गेला, याची काहीतरी खूण दाखवा. कुणी पाहिलं, कुठे सापडला, काहीही. खूण नव्हती म्हणून तिचा चुडा हातात होता.

"आन् ह्ये काय सांगतं?" तिने पुंजके पुढे केले. "ह्ये सांगतं की त्यो हितं आला व्हता. मेला आसं न्हाई सांगत. व्हय ना बाई?"

"हो. एवढंच सांगतं."

"मंग खेळा," ती म्हणाली. "म्या बी येते."

तिसऱ्या पट्टीला ती आली, बांधावर बसली, टकळी फिरवत. मी आता लोकर टाकणं बंदच केलं होतं. जिथे पुंजका सापडेल तिथे चुन्यात बुडवलेला एक दगड ठेवायचा, असा नवा नियम केला. शाळेला जवळ असलेल्या बाजूला दगड विरळ होते. पुढे दाट होत गेले. सुट्टी झाल्यावर मी ओसरीवरून पाहिलं तर रानात पांढरा कळप बसल्यासारखा दिसत होता, सगळ्यांची तोंडं एकीकडे. रस्त्याने जाणारं एक कुत्रं थांबलं, त्या दगडांकडे बघून भुंकलं, आणि वळसा घालून गेलं.

माणसंही थांबायला लागली होती. शनिवारी सकाळी रस्त्याच्या कडेला चार-सहा जण उभे असायचे, विडी ओढत. बोलत नसत, हटकत नसत. मला आधी वाटलं, खेळ बघायला येतात. मग लक्षात आलं की ते रानाकडे पाठ करून उभे असतात. टाळी वाजली की माझे लांडगे वळायचे. ते वळायचे नाहीत.

चौथ्या पट्टीच्या आधी मालक स्वतः शाळेत आले. धोतर, कोट, हातात काठी. चांगलं बोलणारा माणूस.

"बाई, तुमाला दुसरं रान देतो. गावाला लागून हाय. सपाट हाय."

"हे चांगलं आहे की."

"ह्ये पडीक हाय."

"पडीक आहे म्हणूनच बरं. पिकाचं नुकसान नाही."

त्यांनी काठीने जमिनीवर एक रेघ ओढली आणि पुसली. "तुमी पोरांचे डोळे उघडायलात," ते म्हणाले. रागाने नाही, जणू काळजीने. "आजवर या गावात कुणाला तिकडं काई दिसलं न्हाई. बरं चाललं व्हतं."

ते गेल्यावर हेडमास्तर खुर्ची माझ्याकडे वळवून म्हणाले, "बाईसाहेब, गडबडीनंतर मी दाढी उतरवली. टोपी बदलली. म्हणून आज या खुर्चीत आहे. काळ्या मातीवर काळं व्हायचं, हा खेळ मला शिकवायची जरूरत नाही."

"तुम्हाला त्या रानाबद्दल काही माहीत आहे?"

"मी विचारलं नाही. ज्यांनी विचारलं नाही तेच या गावात राहिले." आणि उठता उठता, "शनिवारी मी मोजणीला येतो. मेलेल्यांनी मोजायचं ना? मला चालेल."

ते खरंच आले. चौथ्या पट्टीवर दगड कमी पडले. पुंजके आता सुटे नव्हते, लांबट होते, ओळीने होते, एकामागे एक, आणि सगळ्या ओळी टोकाच्या विहिरीकडे वळत होत्या. मुलं नेहमीसारखी ओरडत नव्हती. उचलायची, दगड ठेवायची, परत यायची. बांधावरची टकळी थांबली होती. ती बाई उठून रानात आली, एका ओळीपाशी उकिडवी बसली आणि बोटाने ती ओळ चाचपत थोडी पुढे गेली.

"बसलेल्या कळपाची लोकर अशी पडत न्हाई," ती म्हणाली. माझ्याकडे न बघता. "वढत न्हेल्यावर पडती."

मग ती उभी राहिली. विहिरीवर टाकलेल्या काट्यांकडे तिने पाहिलं. काटे जुने होते, पण खालच्या थराच्या फांद्या कुऱ्हाडीने तोडून, बुंधे एकीकडे करून नीट रचलेल्या होत्या. वाऱ्याने असे काटे साचत नाहीत. हे मी पाहिलं, हेडमास्तरांनी पाहिलं आणि तिनेही पाहिलं असणार.

"बाई, बास करा आता."

"एक पट्टी राहिली आहे."

"ऱ्हाऊ द्या." तिने पदर सावरला, बांगड्या वाजल्या. "त्यो आला व्हता. गाव म्हणत व्हतं आलाच न्हाई. आला व्हता. माझं म्हणणं खरं झालं. फुडचं नगं."

"पण तिथे काही असलं तर..."

"आसलं तर माझा भाऊ पंच घिऊन येईल उद्याच्याला. मंग माझ्या हातात काय ऱ्हाईल?" तिने हात पुढे केला नाही, नुसता पदराखाली घेतला. "त्या हिरीच्या पल्याडून पूर्ण्याची वाट हाय. त्या वाटेनं बी त्यो ग्येला आसंल. न्हाई म्हणा बरं तुमी."

मी नाही म्हटलं नाही. वाट खरोखर तिकडून जात होती.

मी मुलांना रांगेत उभं केलं आणि शाळेत नेलं. रांगेत एक कमी होती. उंच मुलगी पाचव्या पट्टीच्या चुन्याच्या रेघेवर उभी होती, पायाची बोटं रेघेला लावून, रानाकडे पाठ करून, खेळात उभं राहतात तशी. टाळीची वाट बघत.

मी तिच्याजवळ गेले. "चल."

"बाई, तुमी म्हणलात ना, जे दिसत न्हाई तेच ऱ्हातं."

"म्हटलं."

"मंग बाप दिसत न्हाई, म्हंजे ऱ्हायला आसंल. का दिसल्यावर कळंल? तुमी टाळी वाजवा. मी एकदाच वळते."

तिची आई बांधावरून बघत होती. रस्त्यावरची माणसं पाठ करून उभी होती. मी माझे हात एकमेकांपासून लांब धरले होते, हे मला आजही अंगात जाणवतं. टाळी ही किती लहान गोष्ट आहे. पण ती वाजवायची तर एका बाईच्या हातातला चुडा उतरत होता, आणि न वाजवायची तर एक मुलगी आयुष्यभर पाठ करून उभी राहणार होती.

"तुझी आई हो म्हणेल तेव्हा," मी म्हटलं.

"आई कवाच म्हणणार न्हाई."

"मग तू मोठी झालीस की तू ठरव."

ती आली. पण त्या दिवसापासून ती शनिवारी लांडगा झाली नाही. मोजणी करायची.

पुढचा खेळ मी शाळेच्या अंगणात आणला. पोत्याच्या तुकड्यांवर तूर आणि करडई. निकाल तोच येतो, भीती वाटत नाही. चुन्याचे दगड पावसाळ्यात धुऊन गेले, रान आहे तसंच आहे. हेडमास्तर निवृत्त होऊन औरंगाबादला गेले. जाताना त्यांनी मला विचारलं, "पाचव्या पट्टीचं काय?" मी म्हटलं, "बाकी." ते म्हणाले, "बाकीच ठेवा, किंवा पूर्ण करा. अर्धं करू नका."

हे मी १९६० साली लिहिते आहे. भावाने पाटाचा विषय सोडला आहे. ती बाई अजून लोकर कातते, दर संक्रांतीला नवा चुडा भरते, आणि शाळेवरून जाताना माझ्याकडे बघून एकदा मान हलवते, की अजून नाही. मुलगी परभणीला मास्तरणीचं शिक्षण घेते आहे. सुट्टीत आली की आधी शाळेत येते, ओसरीवर बसते, रानाकडे तोंड करून. गेल्या खेपेला म्हणाली, "बाई, मी आता मोठी झाले." मी म्हटलं, "दिसतंय." मी आईचं काय म्हणणं आहे ते विचारलं, तर म्हणाली की त्यावर घरात बोलणं होत नाही.

येत्या जानेवारीत ती महिनाभर आमच्याच शाळेत शिकवायला येणार आहे. पाठांच्या यादीत शेवटचा, नैसर्गिक निवडीचा, पाठ तिच्याकडे आहे. पाचव्या पट्टीच्या रेघा पुन्हा मारायच्या आहेत. चुना आणून ठेवला आहे. रेघा अजून मारलेल्या नाहीत.